सरदाराची मिशी

मखमलाबादच्या पुंजारामाला पाठमोरा बघितला तरी गाव ओळखायचं. डावा खांदा उजव्यापेक्षा चार बोटं खाली. तीस वर्षं झेंडूच्या पाट्या त्याच खांद्यावरून वाहिल्या, मग खांदा तरी काय करणार बिचारा! आणि समोरून बघितला तर आधी मिशी दिसायची, माणूस मागून. भरघोस, टोकं खाली वळलेली. वडील वारले तेव्हा तेवढी एकदा उतरवली होती, त्यानंतर वस्तऱ्याची तिला हात लावायची टाप नव्हती.

मुलगा ज्ञानेश, एकुलता एक. तोंडावळा म्हणाल तर बापाचीच छापील प्रत, फक्त मिशी सोडून. सिन्नरच्या एका कारखान्यात टूलरूमला कामाला लागला आणि पहिल्याच महिन्यात ओठ गुळगुळीत करून आला. पुंजारामाचा राग कायम नाकावर. तो म्हणाला, बाप जिता असताना मिशी उतरवलीस, लोकांना वाटायचं तू मला पोचवून आलास. पोरगा हसला, कंपनीत सगळे असेच असतात म्हणाला. सगुणाबाईनं, म्हणजे त्याच्या आईनं, भाकरी थापता थापता मुलाची बाजू घेतली आणि त्या दिवशी घरात कुणी कुणाशी बोललं नाही. तसं ते भांडण मिटलंच नाही कधी. दाढी करून पोरगा मोटरसायकलला किक मारायला लागला की बाप आपला दुसरीकडे बघायचा.

आणि मिशीचं एक असतं तर गोष्ट वेगळी. पोराला त्या बाहुल्यांचा नाद होता.

हा नाद लागला अठ्ठ्याण्णव साली, देवळाली कॅम्पात. ज्ञानेशचा मित्र हर्षल तिथं राहायचा, त्याचे वडील तोफखान्यात हवालदार. तिकडे साहेब लोकांच्या बदल्या झाल्या की घरातलं सामान बाजारात विकायला येतं. असंच कुण्या साहेबाचं एक खोकं या दोघांना जुन्या बाजारात मिळालं. आत चाळीसेक शिपाई, बोटाएवढे, कथलासारख्या धातूचे. पण साधे शिपाई नव्हेत. कुणाला शिंगं, कुणाला वराहाचे सुळे, कुणी दाढीवाले बुटके, कुणी नुसते हाडांचे सापळे. सोबत नियमांचं इंग्रजी पुस्तक, त्याची निम्मी पानं वाळवीनं खाल्लेली. मग उरलेले नियम पोरांनी स्वतःच रचले. रविवारी फुलांच्या शेडमध्ये गोणपाट अंथरायचं, त्याखाली विटा ठेवून डोंगर करायचे, टेपनं इंच मोजून शिपाई पुढे सरकवायचे, फासे टाकायचे आणि कोण मेलं ते ठरवायचं. चांगली तेवीस वर्षांची घोडी झाली तरी दोघांचं हे चालूच.

नुसतं खेळून भागत नव्हतं. ज्ञानेशला ते शिपाई बदलायचे असायचे. बारीक करवतीनं एकाचं मुंडकं काढायचं, दुसऱ्याच्या धडावर बसवायचं, हात कापून नवा लावायचा. सांध्यात एम-सील भरायचं, कानशीनं घासायचं, मग अस्तराचा पांढरा हात, मग रंग. एकेका शिपायाला महिना महिना. पुंजाराम म्हणायचा, गणपतीची गोष्ट लहानपणी जरा जास्तच ऐकवली वाटतं याला.

एकदा तर कमालच झाली. पुंजाराम ओट्यावर बसून सुतळी वळत होता आणि पोरगा समोर वही घेऊन त्याच्याकडे टक लावून बसला. बापानं विचारलं, काय बघतोस, कधी तोंड बघितलं नाय का माझं? पोरगा म्हणाला, जरा डावीकडं वळा ना अण्णा. पुंजाराम उठला आणि सुतळी घेऊन विहिरीकडं निघून गेला.

त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी ज्ञानेश हातात काहीतरी झाकून शेतात आला होता. "अण्णा, एकदा बघा तरी," म्हणाला. पुंजाराम फवारणीचा पंप पाठीवर चढवत होता. तो म्हणाला, "पोरगी बघायचं वय तुझं, आणि मला बाहुल्या बघायला लावतो व्हय रे?" पोरानं मूठ मिटली आणि तो परत गेला. झालं एवढंच. पण पुढं पुंजारामाला या एवढ्याशा गोष्टीनं जे छळलं, ते वैऱ्यालाही छळू नये.

दोन हजार चारच्या मार्गशीर्षात, सकाळच्या पाळीला जाताना, पुणे रोडला शिंदे गावाच्या पुढं ट्रकनं ज्ञानेशला उडवलं. हातातोंडाशी आलेलं पोर. पुंजारामानं त्याला दवाखान्याच्या फरशीवर बघितलं. कुणीतरी तोंड पुसून घेतलं होतं आणि ते ओलं तोंड चकाकत होतं. त्याहून जास्त त्या दिवसाचं काही सांगण्यासारखं नाही.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. घरातला कुणी लग्नाआधी गेला, अवेळी गेला, की त्याचा वीर बसवतात. सोनाराकडून चांदीचा एवढासा टाक घडवायचा, त्यावर घोडेस्वार, हातात तलवार. तो देव्हाऱ्यात बसतो. आणि दर धुळवडीला सगळे आपापले वीर ताटात घेऊन, हलगीवर नाचवत गोदावरीवर नेतात, आंघोळ घालतात आणि घरी आणतात. पुंजारामाच्या देव्हाऱ्यात असे तीन वीर होते. एक आजोबांचा भाऊ, एक पणजोबांचा भाऊ, आणि एक इतका जुना की नावही कुणाला ठाऊक नाही. पिढ्यानपिढ्या चिंचेनं घासून तिघांची तोंडं सपाट झालेली.

पुंजारामाची थोरली बहीण अक्काबाई पंचवटीतून आली आणि म्हणाली, धुळवडीच्या आत पोराचा टाक करून घ्या, त्याला ताटकळत ठेवू नका. पुंजाराम हो म्हणाला. आणि त्याच दुपारी कुठलासा कागद शोधायला म्हणून त्यानं ज्ञानेशची पत्र्याची पेटी उघडली.

आत सगळं सैन्य कापसात गुंडाळून ठेवलेलं. आणि सगळ्यात वर, एका डबीत, अर्धवट राहिलेला एक घोडेस्वार.

पुंजारामानं तो बाहेर उजेडात आणला. आयुष्यात पहिल्यांदा बघितला म्हणा ना. घोड्याचा पुढचा पाय उचललेला, शेपटीचा केस न् केस कोरलेला. घोड्याला रंग देऊन झाला होता, कुमैत, म्हणजे काळपट तांबडा, आणि त्याच्या पोटाखाली सावलीसुद्धा धरली होती. स्वार मात्र पांढऱ्या अस्तरातच. डोक्याला मुंडासं, हातात आखूड वाकडी तलवार, ओठावर खाली वळलेली मिशी. सगळ्यावर अस्तराचा एकच हात, त्यामुळे मूळचा धातू कुठला आणि पोरानं भरलेलं एम-सील कुठलं, ते काही कळत नव्हतं. वहीत लिहिलं होतं, 'मोठा सरदार.' खाली बारीक अक्षरात, 'डावा खांदा खाली, मुद्दाम. रंग पातळ, थर दोन. चेहरा शेवटी. मग वॉर्निश.'

घोडा आहे, तलवार आहे, आणि पोराच्याच हातचा आहे. मग सोनाराकडे कशाला जायचं? हाच वीर. अक्काबाई कपाळाला हात लावून म्हणाली, देव्हाऱ्यात बाहुली बसवतोस होय रे? पुंजाराम म्हणाला, धातूची हाय, प्लास्टिकची नाय, आणि बसणार तर हाच बसणार. हट्टाला पेटला की तो ब्रह्मदेवाचंही ऐकायचा नाही.

पण स्वार पुरा करायला हवा होता, आणि वीर ज्ञानेशचा, तर तोंड ज्ञानेशचं हवं. जित्यापणी ज्याच्याकडे धड बघितलं नाही त्याचं तोंड तरी आपल्या हातानं करायचं, एवढं एकच आता पुंजारामाच्या जिवाला लागलं होतं. बैल गेला नि झोपा केला, असं लोक म्हणाले असते. तो स्वतःही स्वतःला हेच म्हणत होता.

रोज दुपारी जेवण झालं की तो ओट्याच्या कडेला बसायचा, पोराचं भिंग, चिमटा आणि केसाएवढे ब्रश घेऊन. आधी एका सापळ्यावर हात बसवला, मग एका बुटक्यावर. ज्या बोटांनी जन्मभर झेंडू खुडले, त्यांनी काढलेली डोळ्याची रेघ कानापर्यंत जायची. श्वास सोडताना रंग लावायचा, हे त्याला चौथ्या दिवशी आपोआप कळलं. पेटीतला अंगाचा रंग सुकून खडा झाला होता, म्हणून त्यानं शाळेच्या पोरांचे पोस्टर कलर आणले आणि त्यातूनच अंगाचा रंग मिसळला. वॉर्निश त्यानं आधी एका बुटक्यावर लावून बघितलं. ते तोंड असं चकाकायला लागलं, ओलं असल्यासारखं, की पुंजारामानं बाटलीचं बूच घट्ट लावलं आणि ती पेटीच्या तळाशी सारून दिली. दवाखान्यातली ती फरशी त्याला पुन्हा बघायची नव्हती.

राहिली ती मिशी.

पोराला मिशी कुठली? ती त्या विलायती बाहुलीची असणार, असं पुंजारामानं धरलं. त्यानं ब्लेड घेतलं. ते टेकवलं, पुन्हा उचललं. तीन वर्षं ज्या गुळगुळीत ओठावरून मनात राग धरला, तोच ओठ आता स्वतःच्या हातानं करायचा होता. "घे बाबा," तो त्या घोडेस्वाराला मोठ्यानं म्हणाला, "काढतो तुझी मिशी. जिंकलास तू." आणि त्यानं ती अलगद तासली. तिळाएवढा दाणा ब्लेडवर आला. त्यानं फुंकर मारली आणि तो ओट्याखालच्या मातीत गेला.

मग चेहरा. पोराचे फोटो होते, पण लग्नातल्या गर्दीतले, नाहीतर दहावीचा पासपोर्ट. पुंजारामानं खुंटीवरचा आरसा काढला आणि स्वतःच्या मिशीवर आडवं बोट धरलं. आरशात ज्ञानेश दिसला. थोडा म्हातारा, डोळ्यांखाली काळा, पण ज्ञानेशच. पुंजाराम बोट न काढता कितीतरी वेळ तसाच बसला आणि रडला, अगदी पोरासारखा हुंदके देऊन. सगुणाबाई दारात आली होती. ती आत गेली आणि तिनं चहा ठेवला.

फाल्गुनात चेहरा पुरा झाला. आणि खोटं कशाला सांगू, झाला होता तो ज्ञानेशच! अक्काबाईनंही भिंगातून बघितलं आणि पदर तोंडाला लावला. पुन्हा बाहुलीचं नाव तिनं काढलं नाही.

धुळवडीला पुंजारामानं ताट डोक्यावर घेतलं. तीन जुने टाक आणि मधोमध नवा घोडेस्वार. हलगी वाजत होती, गुलाल उडत होता, गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, वीरांची ही गर्दी. पुंजाराम नाचला. एक खांदा खाली टाकून, डोळे मिटून नाचला, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांनी त्याला वाट करून दिली.

आंघोळ घालायचा मान आईचा. सगुणाबाई पायरीवर बसली. तिनं एकेक टाक पाण्यात धरला, अंगठ्यानं चोळला, पदरानं टिपला. तिच्या सासूनं तिला तसंच शिकवलं होतं, आणि हात आपला तीस वर्षांच्या सवयीनं चालला होता. मग तिनं घोडेस्वार घेतला. पाण्यात धरला. अंगठा फिरवला.

पुंजाराम वरच्या पायरीवर होता. त्यानं हात पुढे केला तोवर उशीर झाला होता. पोस्टर कलर तो, पाण्यापुढं कितीसा टिकणार? पाण्यावर गुलाबीसर एक धार उमटली आणि वाहून गेली. ज्ञानेशनं दिलेला घोड्याचा रंग जागच्या जागी होता. बापानं केलेलं तोंड तेवढं गेलं.

सगुणाबाईनं आधी आपल्या अंगठ्याकडे बघितलं, मग ताटातल्या बाकीच्या तिघांकडे.

"त्यांची तोंडं जायला तीन-तीन पिढ्या लागल्या," ती म्हणाली. "याचं पहिल्याच आंघोळीला गेलं."

तिनं घोडेस्वार टिपला आणि ताटात ठेवला. घरी आल्यावर तो तसाच, बिनतोंडाचा, देव्हाऱ्यात बसला. पुंजाराम म्हणाला, पुन्हा रंगवतो. पण ब्रश काही हातात धरवला नाही. आज, उद्या करत चैत्र गेला. सगुणाबाई मात्र रोज सकाळी त्याला गंध लावायची, हात जोडायची आणि हळूच त्याच्याशी चार शब्द बोलायची.

वैशाखात हर्षल आला. तो नोकरीला बेंगलोरला होता, दहाव्याला येऊन गेला त्यानंतर आताच. पुंजारामानं त्याला देव्हाऱ्यापाशी नेलं आणि सगळी हकीकत सांगितली, धुळवडीची, रंगाची, आंघोळीची. सगुणाबाई मागं गोठ्यात होती. हर्षलनं घोडेस्वार तळहातावर घेतला. बराच वेळ फिरवून बघितला.

"काका," तो म्हणाला, "मिशी कुठं गेली याची?"

पुंजाराम म्हणाला, काढली मी, ज्ञानेशला मिशी कुठं होती?

हर्षलनं त्या ओठावरून अंगठा फिरवला. मग त्यानं मान खाली घालूनच सांगितलं, की काका, हा ज्ञानेश नाही, हे तुम्ही आहात. आमच्या सैन्याला सरदार नव्हता. खोक्यातला जो होता त्याचं शिरस्त्राण ज्ञानेशनं कापून टाकलं आणि तुम्ही शेतात टॉवेल बांधता तसं मुंडासं केलं. खांदा कानशीनं उतरवला. ही तलवार नाही, खुरपं आहे. तलवार तोडून त्यानं ते घडवलं. "मिशी जमत नव्हती त्याला. तीनदा केली. टोकं खाली वळायचीच नाहीत म्हणायचा. तिसऱ्यांदा जमली तेव्हा रात्री फोन केला होता मला. एकदा तुम्हाला दाखवायला आणला होता म्हणे, पण तुम्ही कामात होता."

पुंजाराम भिंतीला टेकला. काय वाटलं असेल त्याला? पोरानं आपल्याला कोरलं, तीनदा कोरलं, आणि आपण ते ब्लेडनं तासून फुंकरीनं उडवलं. मायेनं केलं, म्हणून का ते कमी झालं? आणि दोन महिने वीर म्हणून देव्हाऱ्यात बसला होता तो स्वतः, जिता. वयानं ज्याची पाळी होती तोच बसला होता, फक्त जायचा होता तो राहिला आणि राहायचा होता तो गेला.

हर्षल म्हणाला, एम-सील आहे ना घरात, मी आत्ता बसवून देतो मिशी, मला ठाऊक आहे त्यानं कशी केली होती. गोठ्यातून बादलीचा आवाज आला. पुंजारामानं तिकडं बघितलं.

"नको," तो म्हणाला. "ती रोज त्याला गंध लावती. तिचा ज्ञानेश हाय त्यो. तिला यातलं काय सांगू नको, तुला माझी आण हाय."

हर्षलनं घोडेस्वार जागेवर ठेवला. चहा घेतला, सगुणाबाईच्या पाया पडला आणि गेला.

तो वळणाआड जाईपर्यंत पुंजाराम दारात उभा राहिला. मग ओट्याच्या कडेला आला, जिथं तो दुपारचा बसायचा तिथं, आणि खाली उतरून मातीत गुडघे टेकले. माघापासून तिथं रोज झाडू फिरला होता, सडा पडला होता, कोंबड्यांनी उकरलं होतं. त्याला काय हे कळत नव्हतं? तरी तो एका कडेपासून बोटांनी माती चाळायला लागला. चिमूट घ्यायची, तळहातावर पसरायची, फुंकर न मारता बघायची, बाजूला ठेवायची.

सगुणाबाई बादली घेऊन आली आणि थांबली.

"काय पडलं?"

"काय नाय. बारीक हाय. तिळाएवढं."

तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं. बादली ओट्यावर ठेवली, पदर खोचला आणि दुसऱ्या कडेपासून तीही माती चाळायला बसली.